फुलाबाईंची भिंत

आमच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात मी कुणावर तरी खेकसतो आहे. तोंड उघडं, मान वळलेली, मुंडावळ्या एका कानावर गोळा झालेल्या. बहुतेक वाजंत्रीवाल्यांवर खेकसत असेन, आता आठवत नाही. शेजारी बायको खाली बघून हसू दाबते आहे. हा फोटो मी निवडलेला नाही. मी निवडला होता तो वेगळाच, त्यात आम्ही दोघं पोलिसात वर्दी द्यायला आल्यासारखे ताठ आणि गंभीर दिसत होतो. तो न्यायला मी दौलतरावांच्या स्टुडिओत गेलो, तर काउंटरमागच्या बाईंनी हे पाकीट पुढं सरकवलं. मी म्हणालो, हा नव्हे, तो दुसरा द्या. बाईंनी वर न बघता सांगितलं, "त्यो कोणाचा बी असू शकते. ह्यो तुमचा हाय."

मी बरीच आदळआपट केली. पैसे माझे, तोंड माझं, निवडणाऱ्या तुम्ही कोण, वगैरे. बाई शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पाकीट शोधत राहिल्या. शेवटी तणतणत घरी आलो आणि फोटो बायकोच्या पुढ्यात टाकला. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं. तिनं तो फोटो कधीच बदलू दिला नाही आणि आता मलाही बदलावासा वाटत नाही.

त्या बाई म्हणजे पंचफुलाबाई पाईकराव. गाव त्यांना फुलाबाई म्हणायचं, मी पुढं वैनी म्हणू लागलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. बाजाराच्या रस्त्यावर दौलतरावांचा स्टुडिओ आणि मागच्या बोळात माझा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं आणि दिवाळीनंतर कॅलेंडरं, हा माझा धंदा. कॅलेंडरावर फोटो लागायचा, म्हणून माझं त्यांच्याकडं जाणं-येणं वाढलं.

फुलाबाईंचे यजमान दौलतराव हे निजामाच्या काळात हैदराबादला कॅमेरा शिकून आलेले. अतिशय सज्जन आणि जवळजवळ मुके. काळ्या कापडात डोकं घातलं की त्यांना बाहेर यावंसंच वाटत नसे. पाटीवर नाव त्यांचं होतं, फोटो तेच काढायचे, पण काढलेल्या बारा फोटोंतला कोणता द्यायचा हे फुलाबाई ठरवायच्या. त्या बाबतीत दौलतरावांना जेवढा अधिकार होता, तेवढाच मला होता, म्हणजे काहीही नव्हता.

फुलाबाई चौथी शिकलेल्या. उंच, काळ्यासावळ्या, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि अंबाड्यात खोचलेली एक पेन्सिल. ती पेन्सिल म्हणजे त्यांचं हत्यार. सुईसारखं टोक काढून त्या काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हवर इतकं बारीक काम करायच्या, की श्वास घेतानाही हात हलत नसे. निगेटिव्हला त्या 'उलटं' म्हणत. उलटं खिडकीला धरायचं आणि वाचायचं. मला त्यात काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची भुतं दिसायची. त्यांना मात्र कोण खरं हसलं आणि कोण दौलतरावांनी सांगितलं म्हणून हसलं, हे तिथंच कळायचं. मी चारदोन वेळा परीक्षा घ्यायला म्हणून नंतर छापलेले फोटो ताडून पाहिले. त्यांचं एकदाही चुकलं नाही, आणि मग मी परीक्षा घेणं सोडून दिलं.

त्यांचे कायदेही त्यांचेच. तोंडावरचा फोड पेन्सिलीनं घालवायच्या, पण देवीच्या व्रणाला हात लावायच्या नाहीत. एकदा कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला व्रण काढा म्हणून हटून बसला. त्याला म्हणाल्या, "फोड आठ रोजात जाते, त्याला मी काढते. व्रण जन्माचा हाय. त्याला काढनारी मी कोण?" ढाबेवाला निमूटपणे व्रणांसकट फोटो घेऊन गेला.

लग्नाच्या पोरींचे फोटो ही तर त्यांची खास सत्ता. आखाडा बाळापूरचे एक मोठे शेतकरी मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो घ्यायला आले होते. त्यांना हवा होता जास्तीत जास्त गोरा दिसणारा. तसा एक होताही, खिडकीचा उजेड नेमका तोंडावर आलेला. फुलाबाईंनी तो दिला नाही. दिला तो कसला, तर पोरगी किंचित सावळी दिसते आहे, पण बापाकडं बघून काहीतरी सांगायला निघाली आहे असा. बाप भडकले. फुलाबाई म्हणाल्या, त्यो गोरा फोटो पाहून येनारा पाव्हना पोरगी पाहून परत जाईन, ह्यो पाहून येनारा जानार न्हाई. तीन महिन्यांनी ते गृहस्थ पेढे घेऊन आले. फुलाबाईंनी पेढा घेतला आणि पाकिटं शोधू लागल्या. आपलं खरं ठरलं याचा त्यांना कधी आनंद झालेला मी पाहिला नाही. खरं ठरणारच होतं, त्यात काय एवढं, असा त्यांचा चेहरा असायचा, आणि त्या चेहऱ्याचा मला सुरुवातीला फार राग यायचा.

तो राग कायमचा उतरला तो बैलांच्या कॅलेंडरामुळं. एका खताच्या दुकानाला नांगरणीचा फोटो हवा होता. दौलतरावांनी शेतात जाऊन झकास फोटो काढले: काळी जमीन, पांढरी बैलजोडी, मागं नांगऱ्या. मला घाई होती. फुलाबाई आठ दिवस लावतील म्हणून मी दौलतरावांच्या भिडस्तपणाचा फायदा घेऊन निगेटिव्ह परस्पर उचललं आणि त्याचा छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायला औरंगाबादला धाडलं. ब्लॉक आला, कॅलेंडरं छापली, वाटली. पुढच्या बाजाराला आखाडा बाळापुरात एक म्हातारा कॅलेंडरासमोर उभा राहिला आणि दुकानदाराला त्यानं विचारलं, मालक, हा नांगऱ्या डावखुरा हाय, का बैल येडे झालेत? निगेटिव्ह उलट्या बाजूनं लागलं होतं. उजव्या अंगाचा बैल डावीकडं गेला होता आणि डावा उजवीकडं. शहरातल्या माणसाला बैल म्हणजे बैल, पण ज्यानं वर्षानुवर्षं एक बैल एकाच बाजूला जुंपला आहे, त्याला ते तोंड फिरवलेल्या अक्षरासारखं खुपतं. सगळा बाजार हसला. दुकानदारानं उरलेला गठ्ठा माझ्या दारात आणून आपटला.

मी ते कॅलेंडर घेऊन खाली मान घालून फुलाबाईंकडं गेलो. त्यांनी एकदाच पाहिलं. "बैलाचं जाऊ द्या भाऊ, तुमी शेतकरी न्हाई. पर अंगरख्याचा खिसा पाहा ना. खिसा उजवीकडं कधी असते व्हय?" मी माझ्या सदऱ्याकडं पाहिलं. त्यानंतर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी एकही फोटो छापला नाही.

त्यांना आठ दिवस का लागायचे, हे मला तेव्हापासून कळू लागलं. स्टुडिओच्या मागं त्यांची स्वयंपाकाची खोली. तिथं चुलीजवळच्या, धुरानं काळवंडलेल्या मातीच्या भिंतीवर त्या सगळे फोटो खळीनं चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "भितीला इचारू." मग भाकरी थापताना, भाजी निवडताना, येता-जाता त्यांची नजर जिथं जाईल तिथं जाऊ द्यायची. मुद्दाम बघायचं नाही. ज्या फोटोकडं दोन दिवसांत नजर गेलीच नाही, तो उतरवायचा. ज्याच्याकडं फार गेली आणि मग विटली, तोही उतरवायचा. असं करत करत एक उरायचा. मी विचारलं होतं, वैनी, पहिल्याच दिवशी चांगला कोणता ते दिसत नाही का? तर म्हणाल्या, "लग्नाला आल्याले पाव्हने पहिल्या दिशी समदेच ग्वाड वाटतेत. आठ रोज ऱ्हायले का मंग कळते. क्यालेंडर तर सालभर ऱ्हानार हाय लोकाच्या घरी." मी पुढं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ फोटो निवडणारे पाहिले, मोठ्या टेबलांवर, भिंगं लावून निवडणारे. पण फोटोला असं घरात ठेवून घेऊन, त्याच्यासोबत जेवून-खाऊन पारखणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

ही भिंत एकदाच अडली, ती हबीबशेठच्या कॅलेंडराच्या वेळी.

हबीबशेठ बांगड्यांचे ठोक व्यापारी. आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतले बांगडीवाले त्यांच्याकडून माल भरत. दरसाल सगळ्या दुकानांत त्याच त्या नटीचं कॅलेंडर लागतं, त्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांना फोटो हवा होता नुसत्या हातांचा. खरे हात, त्यांत त्यांच्या खऱ्या हिरव्या बांगड्या. काळ्या शाईत हात छापायचे आणि वरून बांगड्यांवर तेवढा हिरवा रंग चढवायचा, असं माझं-त्यांचं ठरलं. पण हात कुणाचे? हबीबशेठच्या घरच्या तरण्या बायका पडद्यातल्या. गावात ज्यांना विचारलं त्यांच्या नवऱ्यांनी मलाच झापलं. परक्या दुकानात आपल्या बायकोचे हात टांगायचे, ही कल्पनाच कुणाला सोसेना.

तेव्हा फुलाबाईंनी कौसाचं नाव काढलं. कौसा म्हणजे त्यांच्याकडं फोटो धुवायला येणारी बाई. पुसेगावच्या शेतकरी घरातली सून, पंचविशीच्या आत विधवा झालेली. सासरच्यांनी तिला 'तुझं तू कमावून खा' म्हणून हिंगोलीला धाडलं होतं आणि मुलगी मात्र 'आमच्या घरचं लेकरू' म्हणून ठेवून घेतली होती. मुलीचं नाव मंदा, पाच वर्षांची. कौसानं सरळ वागावं, गावाला बोलायला जागा देऊ नये, तरच मुलगी भेटेल, अशी दिरानं अट घातली होती. पहिले काही दिवस ती फुलाबाईंच्या घरचं पाणी प्यायला कचरायची, घरून तांब्या घेऊन यायची. मग एक दिवस तांब्या विसरली आणि पुन्हा कधी आणला नाही.

विधवेला बांगड्या भरायच्या, म्हणजे पुसेगावात कळलं तर काय होईल हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. फुलाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, तोंड दिसणार नाही, कुणी ओळखणार नाही, नको वाटलं तर नाही म्हण. कौसा दुसऱ्या दिवशी हो म्हणाली. फुलाबाईंची आई विधवा झाली तेव्हा, बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्यात बांगड्या फोडणं चालणार नाही, असं भावकीला सांगून तिनं हातातल्या बांगड्या हातातच ठेवल्या होत्या. ती गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

बांगड्या भरायला हबीबशेठच्या म्हाताऱ्या आई आल्या. हबीबशेठना काही सांगितलेलं नव्हतं, पण अम्मांनी कौसाचा हात हातात घेतला आणि त्या थांबल्या. साठ वर्षं बायकांची मनगटं दाबलेली बाई ती, तिला कळलंच असणार. मग त्यांनी एकेक बांगडी हळूहळू चढवली. शेवटची चढल्यावर कौसा सवयीनं वाकली, जशी प्रत्येक बाई बांगड्या भरणाऱ्यासमोर वाकते, आणि अम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उजेडासाठी पांढरी चादर धरून कोपऱ्यात उभा होतो. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण चादर सोडता येईना.

फोटो जमत नव्हते. हात लाकडासारखे झाले होते. दौलतरावांनी तिला समई धरायला लावली, घागर धरायला लावली, दहा फोटो गेले. मग त्यांनी जरा थांबू म्हटलं आणि कौसा स्टुलावर बसली. आपल्याकडं कुणी बघत नाही असं वाटून तिनं डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून वर सारल्या आणि परत खाली येऊ दिल्या. नुसती बोटं हलत होती. दौलतरावांनी कापडात न शिरताच बटण दाबलं. तो अकरावा. बारावा त्यांनी नावाला काढला. नंतर फुलाबाईंनी साबण लावून बांगड्या उतरवल्या, दोन तास लावले, पण एकही फुटू दिली नाही.

ओली निगेटिव्हं एकेक करून खिडकीला धरून फुलाबाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अकरा." तरीही रिवाजाप्रमाणं बाराही फोटो भिंतीवर लागले. या वेळी फोटो त्यांनी स्वतः धुतले. कौसाला पंधरा दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. आपलेच हात त्या बांगड्यांत बघून तिला तकलीफ होईल, असं त्यांना वाटलं. भिंतीवरचे फोटो एकेक करून उतरले. चौथ्या दिवशी समईचा आणि अकरावा, असे दोनच राहिले.

आणि अकराव्यात गोंदण होतं. बांगड्या वर सारताना पदर सरकला होता आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेली तुळस स्पष्ट आली होती. तुळस बऱ्याच जणींच्या हातावर असते. पण कौसाची अर्धवट होती. लहानपणी गोंदताना तिनं हात हिसकावला आणि पळाली, त्यामुळं एका बाजूचं एक पान राहून गेलं ते गेलंच. सासरी पुसेगावातही ही गोष्ट पोरासोरांना माहीत होती. असं एक पान कमी असलेलं झाड दुसऱ्या कुणाच्या हातावर नव्हतं.

फुलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कायदा मोडला. जन्माची खूण पुसायला घेतली. दोन सकाळी त्या खिडकीशी बसल्या, पेन्सिलीचं टोक पुन्हा पुन्हा काढत. तिसऱ्या दिवशी छापून दाखवलं तेव्हा मी थक्क झालो. तुळस नव्हतीच. कातडीचा पोत, मनगटावरची शीर, सगळं जागच्या जागी, आणि झाड मात्र कधी उगवलंच नव्हतं असं. हबीबशेठ खूश. "भाभी, यही लगा दो," म्हणाले. मी ब्लॉकसाठी पाकीट तयार केलं.

फुलाबाईंनी तो फोटो भिंतीवर लावला. दोन दिवसांनी मी गेलो तर तो चुलीपुढं पालथा पडला होता. त्या म्हणाल्या, हात मरून गेलेत, दुकानात बांगड्या अडकवायला लाकडाचे ठेवतेत तसे झालेत, मी समईचा देते. मी त्यांना विनवलं. हबीबशेठ आले, त्यांनी नांदेडहून काम करून घेईन म्हणून सांगितलं. फुलाबाई म्हणाल्या, घ्या. गोंदणाचा खरा फोटो देऊन कौसाची मुलगी तोडायची नाही आणि पुसलेला द्यायचा नाही, यावर त्या अडून बसल्या. ज्या बाईनं कधी कुणाला दुय्यम फोटो दिला नाही, ती दुय्यम द्यायला निघाली होती आणि तिचं तोंड आजारी माणसासारखं उतरलं होतं.

तेव्हा दौलतराव बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांचं एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. "फुला, तू भितीला इचारलं, भाऊला इचारलं, शेठला इचारलं. जिचे हात हायत तिला इचारलं का?"

फुलाबाई उठल्या. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मग मलाच म्हणाल्या, जा, कौसीला घेऊन या.

कौसा आली. तिच्यासमोर तीन फोटो मांडले. समईचा तिनं बघून बाजूला ठेवला. पुसलेला हातात घेतला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर फिरवला.

"माजी तुळस कुठं गेली आक्का?"

"मी पुसली. पुसेगावात वळखतीन तुला."

कौसानं गोंदणाचा फोटो उचलला. मग हळूहळू सांगत गेली. मंदी झोपताना त्या नसलेल्या पानाच्या जागी बोट ठेवायची, त्याशिवाय तिला झोप यायची नाही. आठ महिने झाले, या ना त्या निमित्तानं दीर तिला भेटू देत नव्हता. मागल्या खेपेला वेशीवरूनच परत लावलं होतं. "पोरगी मला इसरून राहिली असंन," ती म्हणाली. "आक्का, पुसेगावच्या बांगडीवाल्याकडं हे लागन ना?"

"लागन. पर दीर तुला दारात उभं करनार न्हाई, कौसे. पोरगी कायमची जाईन."

"आता तरी कुठं हाय?"

कौसानं फोटो फुलाबाईंच्या हातात दिला. "बांगड्या शेठच्या होत्या, त्या मी काढून देल्या. तुळस माजी हाय. असू द्या."

फुलाबाईंनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि निगेटिव्हवरून फिरवला. दोन सकाळचं काम क्षणात गेलं. मी तेव्हा चाळिशीला आलो होतो, माणसांचं कौतुक सहजासहजी करणारा नव्हतो. पण चौथी शिकलेल्या या बाईला आपलं चुकलं हे कळलं, तेव्हा तिनं एक शब्दही स्वतःची बाजू मांडण्यात घालवला नाही, हे पाहून मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. पाकीट घेऊन औरंगाबादच्या गाडीला गेलो.

कॅलेंडर छापलं. इतकं सुंदर काम माझ्या यंत्रातून त्याआधी निघालं नव्हतं, नंतरही नाही. गावोगावी गेलं. हातावेगळ्या केलेल्या फोटोकडं मागं वळून न बघणाऱ्या फुलाबाई आता मी दिसलो की एकच विचारायच्या, पुसेगावला पोचलं का? पोचलं म्हटल्यावर विचारायच्या, कोनी काही म्हनलं का? संक्रांत गेली, कुणी काही म्हणालं नाही. कौसा रोज यायची, फोटो धुवायची, आणि दारात कुणाची सावली पडली की पाण्यातले हात थांबवायची.

होळीच्या सुमारास मी छापखाना नांदेडला हलवायचं ठरवलं. सामानाची बांधाबांध झाल्यावर निरोप घ्यायला म्हणून सकाळी स्टुडिओत गेलो होतो. फुलाबाईंचं ते मला झालेलं शेवटचं दर्शन.

मी बसलो असताना एक धिप्पाड माणूस आत आला. एका हातात गुंडाळलेलं कॅलेंडर, दुसऱ्या हाताला एक पोरगी. कौसाचा दीर. त्यानं काउंटरवर कॅलेंडर आपटलं आणि सुरुवात केली. ही पोरगी रोज बांगडीवाल्याच्या दुकानापुढं जाऊन बसते, जेवायला हाक मारली तर उठत नाही, माझी माय माझी माय म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. सगळ्या गावाला कळलं. मेलेल्या भावाचं नाव घालवलं. "गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ठुली. अशा बाईचं लेकरू आमच्या घरी नगं. ठुवा तुमच्यापाशीच." पोरीला बाकावर बसवलं, बसवलं कसलं, टेकवलं, आणि तो पायरीपाशी जाऊन उभा राहिला. कुणीतरी भांडेल, समजावेल, पाया पडेल याची वाट बघत असावा.

फुलाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्याला बस म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. मी तोंड उघडायला गेलो तर टेबलाखालून माझ्या पायावर त्यांनी असा पाय दिला, की मला ब्रह्मांड आठवलं. त्याचं मन बदलायला एक शब्दसुद्धा निमित्त होऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती. तो गेला. रस्त्याच्या वळणापलीकडं गेला. मग त्या मागच्या दाराकडं वळून म्हणाल्या, "कौसे, हात पुसून ये."

कौसा आली आणि दारातच खाली बसली. मंदा आधी तिच्याकडं नुसती बघत राहिली. मग उठून गेली आणि तिच्या मांडीवर बसली, जणू सकाळीच उठून गेली होती. रडलं कुणीच नाही, मी सोडून.

दौलतरावांनी न विचारता कॅमेरा आणला आणि सहा फोटो काढले. फुलाबाईंनी ते लगोलग धुवून ओलेच बाहेर आणले. मला वाटलं, आता हे आठ दिवस भिंतीवर जाणार. त्यांनी ते बाकावर ओळीनं मांडले आणि मंदासमोर उकिडव्या बसल्या. "यातला तुला कोनता पायजे, बाई?"

मंदानं सगळे नीट पाहिले आणि चौथ्यावर बोट ठेवलं. त्यात कौसा तिला जवळ ओढते आहे आणि दोघींचे चेहरे हलून पार पुसट झाले आहेत. नाक-डोळे काही कळत नाहीत. दौलतराव पुढं वाकून म्हणाले, फुला, हा तर हालला हाय, हा कसा देतीस? पाचवा किती साफ आलाय.

"तिला इचारलंय मी," फुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी तो चौथा फोटो वाळवला, पाकिटात घातला, अंबाड्यातली पेन्सिल काढून चौथीतल्या अक्षरात वर 'मंदा' असं लिहिलं आणि पाकीट आईच्या हातात न देता पोरीच्या हातात दिलं.